इंजिनावरचे पाच जण

दार्जिलिंगच्या स्टेशनात सकाळी धुकं दाटलेलं असलं की इंजिन दिसायच्या आधी ऐकू येतं. पहिल्यांदा कानावर येतो तो हातोडीचा आवाज. कोळशाची पेटी बॉयलरवरच असते आणि तिथेच बसून एक माणूस ढेकळं फोडत असतो. मग वाफ फुसफुसते, शिट्टी होते आणि फलाटावर एकदम पन्नास मोबाइल वर जातात.

या वाफेच्या गाडीनं घूम स्टेशनापर्यंतची फेरी करून परतल्यावर मी इतरांनी काढलेले त्याच गाडीचे व्हिडिओ पाहत बसलो. चित्रण सुरेख होतं. धूर, वळणं, बाजारातल्या दुकानांना घासून जाणारे डबे, सगळं होतं. पण जवळजवळ प्रत्येकावर सिनेमाचं गाणं चढवलेलं. ‘आराधना’ सिनेमानं १९६९ साली ही गाडी घरोघरी नेली, तेव्हा गाणं सुचणं साहजिक आहे. तरीही कळवळून सांगतो, गाणं काढून टाका. त्याच्याखाली काय दबलंय, ते ऐका.

या गाडीच्या ‘बी’ वर्गाच्या इंजिनांचा आराखडा १८८९ सालचा. रुळांमधलं अंतर दोन फूट, इंजिनाला चाकं फक्त चार, आणि घूम २,२५८ मीटरवर. दोन सिलिंडरांचं इंजिन चाकाच्या एका फेऱ्यात चार धापा टाकतं. चढ लागला की त्या सुट्या आणि जड होतात, अगदी मोजता येतात. धुक्यानं ओल्या झालेल्या रुळावर चाक घसरलं की धापा एकमेकींत मिसळून धडधड धावतात. तेवढ्यात इंजिनाच्या पुढ्यात बसलेले दोघं रुळावर वाळू सोडतात. चाक पकड घेतं, धापा पुन्हा सुट्या होतात. ड्रायव्हर, फायरमन, कोळसा फोडणारा आणि हे वाळूवाले दोघं, अशा पाच जणांचं काम डोळे मिटूनही कळतं.

ब्रिटनमध्ये पीटर हँडफर्ड नावाचा ध्वनिमुद्रक १९५०च्या दशकात रेल्वेच्या कडेला यंत्र घेऊन बसायचा आणि वाफेच्या इंजिनांचे नुसते आवाज टिपायचा. त्यांच्या तबकड्या निघाल्या, लोकांनी त्या घेतल्या. पुढे याच माणसाला ‘आउट ऑफ आफ्रिका’ सिनेमाच्या ध्वनीसाठी ऑस्कर मिळालं. छंद म्हणतात तो असा. त्याच ब्रिटनमध्ये फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ या वाफेच्या गाडीला वाटेत थांबावं लागलं, कारण तिला टिपायला आलेली माणसं रुळांवर उतरली होती. असला छंद नको.

आपल्याकडे चित्तरंजनच्या रेल्वे कारखान्यानं शेवटचं वाफेचं इंजिन १९७२ साली बांधलं. ब्रॉडगेजवर ही इंजिनं १९९५ साली थांबली. कोळसा केवढा फोडायचा, आग कुठे पातळ ठेवायची, वाळू कधी सोडायची, हे एका हातानं दुसऱ्या हाताला शिकवलेलं आहे आणि ते हात आता थोडे उरलेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये एकतानगर-अहमदाबाद मार्गावर जी हेरिटेज गाडी सुरू झाली, तिचा तोंडवळा वाफेच्या इंजिनाचा, पण धावते विजेवर. मुलांना ती आवडेल, आवडू दे. मात्र तिला फायरमन लागत नाही. वारसा म्हणजे नुसता तोंडवळा असं आपण मानून बसलो, तर त्या पाच जणांची आठवण कोण ठेवणार? म्हणून व्हिडिओ काढणाऱ्यांनी कॅमेरा धुरावरून खाली आणावा, त्या हातांवर धरावा, आणि त्या माणसांची परवानगी घेऊन त्यांना बोलतं करावं.

यासाठी दार्जिलिंगलाच जायला हवं असं नाही. माथेरानची गाडी १९०७ सालची; तिचीही वाफेची इंजिनं ऐंशीच्या दशकापर्यंत घाट चढत होती. मूर्तिजापूरच्या ‘शकुंतला’ गाडीचं वाफेचं इंजिन १९९४ साली थांबलं. त्या वेळी तिशीत असलेला फायरमन आज साठी ओलांडून गेलाय. माथेरान गाडीच्या नेरळ शेडमध्ये, शकुंतलेवर किंवा बार्शी लाइट रेल्वेवर काम केलेले आजोबा तुमच्या घरात, तुमच्या आळीत असतील. येत्या रविवारी मोबाइल घेऊन त्यांच्यासमोर बसा आणि पहाटे थंड इंजिनात आग कशी पेटवायचे, एवढंच विचारा. पुढचं ते सांगतील.