डग्गा कुठे गेला?

आमच्या वर्गात सध्या गाणी ऐकणाऱ्यांचे दोन पंथ आहेत. पहिला बिनवायरवाल्यांचा. त्यांच्या इअरबडमध्ये ॲम्प्लिफायर आतच बसवलेला असतो, त्यामुळे 'पेअरिंग' म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर फक्त ब्लूटूथ येतं. दुसरा पंथ लहान, पण तोंडाळ. हे वायरवाले. कानात खोल बसणारे इन-इअर इअरफोन, फोनच्या पोटात खुपसलेलं डोंगल, आणि जेवणाच्या सुट्टीत ओहम आणि डेसिबलवरून भांडणं. मी या दुसऱ्या पंथातली आहे, आणि हा लेख आमच्याच एका अंधश्रद्धेविरुद्ध आहे. ती अशी की, चांगल्या इन-इअर इअरफोनला वेगळा पोर्टेबल ॲम्प जोडल्याशिवाय तो 'खुलत' नाही.

ही अंधश्रद्धा मीही बाळगली होती. दोन मुलींची शिकवणी घेते, त्यातले साडेचार हजार रुपये साठवून मी एक ॲम्प घेतला. आगपेटीएवढा, धातूचा, थंडगार. लो गेन, हाय गेन असं एक बटण, आणि हाय गेनवर टाकलं की लाल दिवा पेटतो. विकणाऱ्याने सांगितलं होतं, "याच्याशिवाय तुमच्या इअरफोनची खरी ताकद कळणारच नाही." मला ती ताकद कळायला हवी होती.

लाटंबार्सेहून म्हापशाला येताना दोडामार्गकडची बस मिळते. त्या बसमधून प्रवास केलेल्याला आवाजाबद्दल वेगळं सांगायला नको. इंजिन, खिडकीची खडखड, कंडक्टरची आरोळी, आणि वर ड्रायव्हरच्या आवडीची गाणी. फोनवरच्या ॲपने मोजला तेव्हा आकडा ऐंशी डेसिबलच्या आसपास नाचत होता (ॲप म्हणजे काही प्रयोगशाळा नव्हे, पण अंदाज येतो). यात गाणं ऐकू यायचं तर ते याच्या वर न्यायला हवं. मी नेलं. ॲम्प होता ना हाताशी! लाल दिवा पेटवून मी महिनाभर कॉलेजला आले-गेले, आणि आपल्याला फार स्वच्छ ऐकू येतंय असं समजत राहिले.

मग एका रात्री घरी तेर्साला बसलो होतो. मधे सगळे क्षणभर गप्प झाले, आणि मला शिट्टी ऐकू आली. बारीक, एकसुरी. मम्मीला विचारलं, कुठला आवाज येतोय? तिला काहीच ऐकू येत नव्हतं. ती शिट्टी माझ्या कानातच वाजत होती. दोन दिवसांनी गेली, पण त्या दोन दिवसांत मी जेवढं वाचलं तेवढं ॲम्प घेण्याआधी वाचायला हवं होतं.

जागतिक आरोग्य संघटनेचा सुरक्षित ऐकण्याचा हिशेब असा: मोठ्या माणसाला ८० डेसिबल आठवड्याला ४० तास. प्रत्येक ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा. म्हणजे ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५, ९२ ला अडीच. माझा बसचा वेळ आठवड्याला दहा तासांचा. म्हणजे माझी मर्यादा ८६. मी किती वर होते ते मला सांगता येणार नाही, पण बसच्या आवाजावर मात करून ऐकत होते म्हणजे ८६ च्या खाली नक्कीच नव्हते.

आता ॲम्पकडे येते. इअरफोनच्या खोक्यावर दोन आकडे असतात आणि ते कुणी वाचत नाही. एक इम्पीडन्स, म्हणजे वीजप्रवाहाला होणारा अडथळा, ओहममध्ये. दुसरा सेन्सिटिव्हिटी, म्हणजे अमुक वीज दिली तर किती आवाज. समजा इअरफोन १६ ओहमचा आहे आणि एक मिलिवॉटला १०५ डेसिबल देतो. हे अगदी नेहमीचे आकडे आहेत. त्याला ८५ डेसिबलसाठी किती वीज लागेल? २० डेसिबल कमी म्हणजे शंभरावा हिस्सा, ०.०१ मिलिवॉट. व्होल्टमध्ये मांडलं तर साधारण साडेबारा मिलिव्होल्ट. तबल्याची एखादी जोरकस थाप त्याच्याही वीस डेसिबल वर जाते असं धरलं, तरी सव्वाशे मिलिव्होल्टच्या थोडं वर. फोनला लावायचं एखादं साधं डोंगल एक व्होल्टपर्यंत देतं, म्हणजे लागतं त्याच्या आठपट. आणि मी त्यावर आणखी ताकद विकत घेतली! दाराची कडी काढायला पहार आणावी तसा हा प्रकार.

बरं, डोंगल हेसुद्धा डिजिटलचं ध्वनीत रूपांतर करणारं यंत्र आणि ॲम्प यांची एकत्र पुडीच असते. २०१६ मध्ये आयफोन ७ मधून हेडफोनचं भोक गेलं आणि मग इतर कंपन्यांनीही आपापल्या फोनचं भोक बुजवलं. आधी फोनच्या आत असलेला ॲम्प बाहेर आला, एवढंच. आम्ही ॲम्प 'घेतो' तेव्हा बऱ्याचदा दुसरा ॲम्प घेत असतो.

ताकद सोडून एक गोष्ट मात्र खरोखर महत्त्वाची आहे आणि तिची जाहिरात कुणी करत नाही. ॲम्पलाही स्वतःचा अडथळा असतो, त्याला आउटपुट इम्पीडन्स म्हणतात. एका इअरफोनमध्ये दोन-तीन निरनिराळे ड्रायव्हर असले की त्याचा इम्पीडन्स सगळ्या स्वरांना सारखा राहत नाही. समजा एका पट्टीत तो ८ ओहम आहे, दुसरीत ४०. ॲम्पचा स्वतःचा अडथळा १० ओहम असेल तर वीज या दोघांत वाटली जाते, आणि पहिल्या पट्टीतला आवाज दुसऱ्यापेक्षा पाच डेसिबलने मागे पडतो. ॲम्पचा अडथळा अर्धा ओहम असेल तर हाच फरक अर्ध्या डेसिबलहूनही कमी. म्हणजे महाग ॲम्प लावून इअरफोनचा स्वभाव 'खुलला' असं वाटतं तेव्हा कधी कधी तो नुसता बिघडलेला असतो. ट्रुथिअर कंपनीच्या झिरो रेड या इअरफोनबरोबर तर १० ओहमचा एक छोटा अडॅप्टर खोक्यातच येतो, तो मधे लावला की खालचा आवाज वाढतो. तिथे हे जाणूनबुजून केलंय. बाकी ठिकाणी आपण त्याला 'ॲम्पचा टोन' म्हणतो आणि मित्रांना ऐकवतो. म्हणून विकत घेताना मिलिवॉट कमी बघा, आउटपुट इम्पीडन्स बघा. इअरफोनच्या आठव्या हिश्शाहून कमी असावा असा ढोबळ नियम आहे. १६ ओहमच्या इअरफोनला दोन ओहमच्या आत.

पण मला खरं शहाणपण आकड्यांनी नाही, शेजारच्या काकांनी दिलं. काका वाड्यावरच्या भजनात तबला वाजवतात. मी त्यांच्या भजनाचं फोनवर रेकॉर्डिंग केलं होतं, ते त्यांना ऐकवावं म्हणून माझे इअरफोन दिले. मोठ्या अभिमानाने ॲम्पसकट. काकांनी ते बिनवायरच्या बडसारखे कानाच्या तोंडावर नुसते टेकवले, मिनिटभर ऐकलं आणि म्हणाले, "डग्गो खंय गेलो गो?"

मी हाय गेन लावला. लाल दिवा पेटला. काका दचकले, झांज आणि तबल्याची चाट कानात घुसली असणार. "डग्गो ना," ते पुन्हा म्हणाले. मग मी रबराची टोपी बदलली, मोठी लावली, त्यांना एका हाताने कानाची पाळी वर-मागे ओढायला सांगितलं आणि इअरफोन आत बसवला. आवाज अर्ध्यावर आणला. काकांचा चेहरा बघण्यासारखा होता. "आयलो!"

इन-इअरचं सगळं गणित त्या बंद पोकळीवर चालतं. इअरफोन आणि कानाचा पडदा यांच्यामधली हवा कोंडली गेली तर इवलासा ड्रायव्हरही तिला खालच्या स्वरांत हलवू शकतो. फट राहिली की आधी जातो तो डग्गा, खर्ज. त्या फटीवर कितीही वॅट ओतले तरी डग्गा परत येत नाही, नुसती झांज वाढते. आणि हीच टोपी नीट बसली की बसचा आवाजही बाहेर राहतो. फोमची टोपी दाबून घातली तर आणखी. माझ्या बाबतीत उजव्या कानाला लहान आणि डाव्याला मधली टोपी लागते. हे कळायला मला दीड वर्ष लागलं, कारण खोक्यातल्या टोप्यांची पिशवी मी उघडलीच नव्हती. आता बसमध्ये पूर्वीपेक्षा कितीतरी कमी आवाजात ऐकते. साडेचार हजारांच्या यंत्राने जे केलं नाही ते फुकटच्या रबराने केलं.

ॲम्पवर अन्याय नको म्हणून मी एक परीक्षाही घेतली. फिजिक्सच्या मैत्रिणीने चांगलं मल्टिमीटर मिळवलं. आम्ही ५० हर्ट्झचा स्वर लावून, इअरफोन जोडलेला असतानाच, डोंगल आणि ॲम्प दोन्हींचा व्होल्टेज सारखा केला. मग मी डोळे मिटून बसले आणि ती मागून पिन बदलत राहिली. दहापैकी सहा वेळा मी ॲम्प ओळखला. नाणं उडवूनही एवढे येतात. आदल्या दिवशी आवाज न जुळवता केलं होतं तेव्हा दहापैकी दहा! आवाज अगदी थोडा जास्त असला तर कान त्याला 'मोठा' म्हणत नाही, 'चांगला' म्हणतो. दुकानात ऐकून पाहणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावं. (मैत्रीण म्हणते की तिला दोन्ही सारखेच कंटाळवाणे वाटले.)

इअरफोन एकमेकांशी ताडून बघायचे असतील तर फरक खरोखर मोठे असतात, ॲम्पच्या फरकापेक्षा कितीतरी मोठे. पण तिथे माझी दुसरी तक्रार आहे, आणि ती मराठी मंडळाच्या अंकातच करायला हवी. आपण परीक्षणं इंग्रजीतली वाचतो आणि शब्दही तिथूनच उचलतो. वॉर्म, ब्राइट, टाइट बास. तपासणीचं गाणंही तिथलंच, ईगल्सचं १९९४ चं लाइव्ह 'हॉटेल कॅलिफोर्निया'. चांगलंच आहे. पण त्यातला ढोल चोख उतरला म्हणून डग्ग्यावरचा घिस्सा उतरेल असं नाही. ढोलाची थाप पडते आणि संपते, घिश्शात मनगट सरकतं तसा स्वर चढत जातो. फुगवलेल्या बासच्या इअरफोनमध्ये ते चढणं गिळलं जातं, नुसता 'धम्' उरतो. घुमटाचंही तेच. मांड्याला आम्ही वाजवतो, चवथीच्या आरतीला शेजारी वाजवतात, आणि दोन्हीकडे गंमत त्या मागच्या हातात असते, जो मडक्याचं लहान तोंड झाकतो-उघडतो. तो हात ऐकू येतो का? माझ्याकडच्या दोन इअरफोनांपैकी महागात तो येत नाही, स्वस्तात येतो.

शब्द तर आपल्याकडे कितीतरी आहेत. तंबोऱ्याची जवारी सुटी ऐकू येते की नुसतं गुणगुणणं? थापेनंतरची आस किती टिकते? पेटी पिचकी वाटते का? तान दाणेदार उतरते की दाणे एकमेकांत मिसळतात? घरी कोंकणी, शाळेत मराठी आणि कॉलेजात इंग्रजी बोलणाऱ्या माझ्यासारखीला हे शब्द नव्याने शिकावे लागले, काकांकडून आणि जुन्या संगीतसमीक्षेतून. पण शिकल्यावर इअरफोन निवडणं सोपं झालं. 'डिटेल्ड' म्हणजे काय ते मला अजून नीट माहीत नाही, जवारी म्हणजे काय ते माहीत आहे.

जुन्या ध्वनिमुद्रणांबाबत माझं मत अनेकांना पटणार नाही. केसरबाई केरकर फोंडा तालुक्यातल्या केरीच्या. त्यांचं भैरवीतलं 'जात कहां हो' १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत अवकाशात गेलं. तसले जुने तुकडे चकचकीत इअरफोनवर ऐकले की तबकडीची खरखर पुढे येते आणि बाई मागे राहतात. वरचे स्वर जरा मवाळ असलेला, पंथातले लोक ज्याला नावं ठेवतात असा इअरफोन तिथे बरा. कंपनीचा आलेख कितीही सरळ असो, मला बाई पुढे हव्यात.

अपवाद आहेत. काही प्लेनर इन-इअर खरंच जास्त वीज मागतात. सेनहायझर एचडी ६०० सारख्या ३०० ओहमच्या मोठ्या हेडफोनांना व्होल्टेज लागतो. फोनला डोंगल लावूनही आवाज पुरत नसेल, आणि टोपी नीट बसलेली असेल, तर ॲम्प जरूर घ्या. नाजूक इन-इअरला मात्र तसल्या ताकदवान ॲम्पमधून नुसती सळसळ ऐकू येते. माझ्या ॲम्पमध्ये येते, विशेषतः हाय गेनवर, गाणं सुरू होण्याआधी.

तो ॲम्प आता विकायचा आहे. खोकं आहे, वायर आहे, एका कोपऱ्यावर बसच्या सीटचा ओरखडा आहे. कुणाकडे ३०० ओहमचे हेडफोन असतील तर शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत मंडळाच्या खोलीत या. मल्टिमीटर मी घेऊन येते.