नीटनंतरचा उन्हाळा

मे महिन्याच्या आरंभी नीटची परीक्षा आटोपते आणि वैद्यकीय महाविद्यालयाचे दार उघडेपर्यंत तीन-साडेतीन महिने मध्ये पडतात. या काळाचे काय करावे, हा प्रश्न घेऊन आपल्या शाळेतील विद्यार्थी व त्यांचे पालक दरवर्षी माझ्यासारख्या डॉक्टर झालेल्या माजी विद्यार्थ्यांकडे येतात. नागपूरच्या एखाद्या नातेवाइकाने त्यांना बहुधा आधीच सल्ला दिलेला असतो : शरीररचनाशास्त्राचा ग्रंथ आणा आणि मुलाला आतापासूनच वाचायला बसवा. हा सल्ला मला मान्य नाही.

तातडीचे काम एकच आहे, ते कागदपत्रांचे. जातवैधता प्रमाणपत्र हाती नसेल तर निकालाची वाट न पाहता त्यामागे लागावे. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० आणि जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो. आपल्याकडे तो आजोबांच्या शाळेच्या दाखल-खारीज नोंदीत किंवा गावच्या कोतवाल पंजीत सापडतो, आणि तेथील आडनाव नातवाच्या दाखल्यातील आडनावाशी जुळेलच असे नाही. मुलगा अभ्यासात असताना हे हेलपाटे पालकांनी घालावेत.

आता त्या ग्रंथाविषयी. मी स्वतः तो सल्ला पाळला होता. ओळखीच्या एका ज्येष्ठ विद्यार्थ्याचे जुने पुस्तक आणून दोन महिने हाडांची आणि स्नायूंची नावे घोकली. शवविच्छेदनाच्या टेबलाजवळ प्रथम उभा राहिलो तेव्हा त्यांतील फारशी आठवली नाहीत. आणि जी आठवली, ती पंधरा दिवसांत सर्वच वर्गाला येऊ लागली.

माझ्याजवळ जे नव्हते, ते कळायला पुढे कित्येक वर्षे लागली. भामरागड तालुक्यात एका पावसाळ्यात एक माउली तापलेले मूल कुशीत घेऊन आली. ‘ताप केव्हापासून?’ असे मी मराठीत विचारले. ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. मग परिचारिकेने माडियात विचारले. ती बाई बराच वेळ बोलली. माझ्यापर्यंत पोहोचले ते एवढेच : ‘चार दिवस झाले, सर.’ मूल बरे झाले. परंतु त्या बोलण्यातील उरलेला भाग काय होता, हे मला आजही ठाऊक नाही.

खेदाची गोष्ट अशी की, माडिया बोलणारा मुलगा वसतिगृहात माझ्या शेजारच्याच खाटेवर पाच वर्षे झोपत होता. त्याच्या बोलण्याला आम्ही हसत असू. तो हळूहळू खोलीत ती भाषा बोलेनासा झाला, आणि आम्हाला तो सुधारल्यासारखा वाटला.

एकट्या गडचिरोली जिल्ह्यात धानोऱ्याकडे गोंडी, एटापल्ली-भामरागडकडे माडिया, सिरोंच्याला तेलुगू, कोरचीकडे छत्तीसगढी आणि मुलचेरा-चामोर्शीकडे बंगाली ऐकू येते. चंद्रपूरला २०१५ मध्ये आणि गडचिरोलीला २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. आपल्या मुलांना आता घराजवळ शिकण्याची संधी आहे. रुग्णाची भाषा मात्र तेथील कोणत्याही प्रश्नपत्रिकेत येणार नाही. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी १९८६ पासून गडचिरोलीत जे संशोधन उभे केले, त्याची सुरुवात पुस्तकातून झाली नव्हती. गावातील स्त्रिया आपल्या आजारांना काय म्हणतात, कशाविषयी गप्प राहतात, हे त्यांनी आधी ऐकून घेतले. पुढे त्यांनी गावातल्याच बायकांना घरोघरी नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवले आणि ३९ गावांतील नवजात मृत्यूंचे प्रमाण काही वर्षांत निम्म्याहून खाली आले. १९९९ साली ‘लॅन्सेट’ने छापलेले ते काम आज जगभर अभ्यासले जाते.

काही मुले या सुट्टीत आईवडिलांसोबत तेंदूपत्त्याला जातात आणि मला ते ओशाळून सांगतात. ओशाळण्याचे कारण काय? पहाटे अंधारात, वाघाच्या धास्तीत जंगलात शिरायचे, दुपारी पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर रांग लावायची. हा दिनक्रम ज्याने जगला, त्याला हिवतापाच्या चौदा दिवसांच्या गोळ्या मध्येच का सुटतात हे कोणी समजावून सांगावे लागत नाही. ‘उद्या दहा वाजता पुन्हा या’ असे तो सहजासहजी म्हणणार नाही. त्या मजुरीतून मुलाच्या प्रवेशाचा खर्चही निघतो, हे वेगळेच.

म्हणून माझे सांगणे असे, की या उन्हाळ्यात एक वही करावी. केव्हापासून? कुठे दुखते? बाळ दूध पिते का? लघवी होते का? रात्री झोप लागते का? घरी आणखी कोण आजारी आहे? असे वीस-पंचवीस प्रश्न मराठीत लिहून समोरची जागा मोकळी ठेवावी. ती भरून घेण्यासाठी गावच्या आशाताईंकडे किंवा वसतिगृहातील आपल्या मित्राच्या घरी जावे, आणि उच्चार चुकल्यावर त्याच्या आजीला मनसोक्त हसू द्यावे.