जावेचा जीर्णोद्धार

गावाकडच्या एखाद्या जुन्या दगडी देवळाचा जीर्णोद्धार झाला, असं कानावर आलं की माझ्या पोटात गोळा उठतो. पुढचं दृश्य मला पाठ असतं. गाभाऱ्याला न्हाणीघरातल्या पांढऱ्या फरशा, सभामंडपाच्या खांबांना गुलाबी ऑइलपेंट आणि दारात देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी. देव तेवढा जुना राहतो. तोही बहुधा वर्गणी कमी पडली म्हणून.

आता मोटारसायकलच्या लेखात हे देऊळ कुठून आलं, असं तुम्ही विचाराल. तर देवळांचं जे झालं तेच हल्ली जुन्या मोटारसायकलींचं चाललं आहे आणि त्या पापात प्रस्तुत लेखकाचाही हात आहे. तेव्हा हा मजकूर अर्धा कबुलीजबाब आणि अर्धी फिर्याद समजून वाचावा.

आमच्या घरात जावा आहे. हे वाक्य मी चारचौघांत उच्चारलं की बायकांना 'आहे'च्या जागी 'आहेत' ऐकू येतं आणि त्या कणवेने आमच्या सौ.कडे पाहू लागतात. म्हणून खुलासा करतो. ही जावा दोन चाकांची. आमच्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, ती १९६८ साली घेतली. चेकोस्लोव्हाकियातल्या जावा कंपनीच्या परवान्याने १९६१ पासून म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात ह्या गाड्या निघू लागल्या. १९७३ पासून तिथल्या गाड्यांवर 'येझदी' हे नाव आलं आणि १९९६ साली कारखानाच बंद पडला. २०१८ पासून जावा नावाच्या नव्या गाड्या पुन्हा रस्त्यावर दिसू लागल्या, पण ती नातवंडं. आमची आजी.

ह्या आजीचे काही स्वभावविशेष सांगायला हवेत. सिलिंडर एक, पण सायलेन्सर दोन. त्यामुळे आमच्या आळीत तिला कैक वर्षं दोन इंजिनांची गाडी समजत आणि अण्णा तो गैरसमज दूर करत नसत. किक आणि गिअर ह्या दोन्हींना मिळून दांडा एकच. आत दाबून वर फिरवला की किक, काम झालं की पुढे लोटला की गिअर. एकाच पातेल्यात आधी दूध तापवायचं आणि मग आमटी करायची, अशा घरात ती गाडी न शोभती तरच नवल. पेट्रोलमध्ये तेल मिसळून पाजायचं, आणि मग पाठीमागे धूर असा, की आपण कुठून आलो हे लोकांना सांगावं लागत नसे.

अण्णा शाळातपासनीस होते. तालुकाभर फिरायचे. त्यांनी गाडीत आपल्या गरजेप्रमाणे बदल केले होते. मागे दप्तरासाठी लोखंडी कॅरिअर. डाव्या अंगाला आईचं नऊवारी चाकात जाऊ नये म्हणून लोहाराकडून करून घेतलेली जाळी. हँडलखाली पिशवी अडकवायला आकडा. टाकीवर चौघडी घातलेली सतरंजी, ती माझी जागा. माझ्यामागे अण्णा, अण्णांमागे ताई, ताईमागे आई. असे चौघे आम्ही १९७४ च्या मे महिन्यात सातारच्या वाटेवर असताना शिरवळच्या अलीकडे एक म्हैस आडवी आली. अण्णांनी गाडी वाचवली, म्हणजे आम्हांला वाचवलं, पण म्हशीचं शिंग टाकीला लागलं आणि द्रोणाएवढा खळगा पडला. तो अण्णांनी कधी दुरुस्त केला नाही. म्हणत, ''पेट्रोल पावशेर कमी मावतं, एवढंच.''

अण्णा २००४ साली गेले. गाडी मागच्या पडवीत ताडपत्रीखाली सोळा वर्षं उभी राहिली. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, शेजारीपाजारी घरी पाव भाजू लागले, तेव्हा मी ताडपत्री ओढली.

पिस्टन सिलिंडरला घट्ट धरून बसला होता. प्लगच्या भोकातून डिझेल आणि इंजिन ऑइल ओतून आठवडाभर वाट पाहिली, तेव्हा कुठे त्याने पकड सोडली. टाकीतला गंज काढायला चिंचेचं पाणी आणि मूठभर नट आत घालून मी ती रोज सकाळी तासभर मांडीवर घेऊन हलवत असे. सौ. दारात उभी राहून म्हणाली, ''पोरगा पाळण्यात होता तेव्हा एवढं हलवलं असतंत तर माझी पाठ राहिली असती.'' सुटे भाग ठेवायला बरण्या संपल्या, मग डबे संपले. पुढच्या संक्रांतीला तिळगुळाचा समजून क्लचच्या प्लेटांचा डबा पाहुण्यांपुढे गेला. पाहुणे जुन्या वळणाचे. ''दातांचं काम चालू आहे,'' एवढंच म्हणाले.

दुकानं उघडल्यावर नाना पेठेच्या आणि जुन्या बाजाराच्या फेऱ्या सुरू झाल्या. तिथेच एक वस्ताद भेटले. पॉइंटची फट ०.४ मिलिमीटर ठेवावी असं पुस्तकात लिहिलंय, हे मी मोठ्या ऐटीत सांगितलं. त्यांनी ती नुसत्या नजरेने लावली. मी गेज घालून पाहिलं. गेज बरोबर निघालं. कार्बनने गच्च झालेले सायलेन्सर त्यांनी जाळून मोकळे केले, सिलिंडर बोअर करून आणला, नव्या रिंगा घातल्या, आणि जाताना म्हणाले, ''साहेब, तुटलंय ते बदला, मळलंय ते पुसा. बाकीचं गाडीचं आहे, तुमचं नाही.''

हे वाक्य मी त्याच दिवशी भिंतीवर लिहून ठेवायला हवं होतं. पण मला सल्लागार फार.

पहिले सल्लागार आमचे चिरंजीव. त्यांना गाडीचा 'कॅफे रेसर' करायचा होता. हे काय असतं ते मी विचारून घेतलं. १९५० आणि ६० च्या दशकांत इंग्लंडमधली पोरं लंडनच्या एस कॅफेसारख्या ठिकाणी जमत, गाडीवरचं नको ते सगळं उतरवून ती हलकी करत आणि सुसाट पळवत. ठीक आहे. त्यांचे रस्ते मोकळे होते आणि रक्त तापलेलं होतं. पण कोथरूडहून डेक्कनला पोचायला आम्हांला पाऊण तास लागतो, तिथे हँडल खाली घेऊन, पोट टाकीवर टेकवून, कुठल्या अमृततुल्याशी शर्यत लावायची? बरं, त्यासाठी करायचं काय, तर मागचा मडगार्ड कापायचा, चौकटीचा मागचा भाग करवतीने उडवायचा आणि तिथे एकट्याचं, पाठीला कुबड असलेलं सीट बसवायचं.

एकट्याचं! ज्या गाडीने चौघांना साताऱ्याला नेलं, ती कापून कापून एकट्याची करायची आणि ह्याला म्हणे गाडीला स्वतःचं व्यक्तिमत्त्व देणं! मी म्हटलं, ''अरे, तिला व्यक्तिमत्त्व आहे. तुला नसेल तर तुझं तू बघ.'' दोन दिवस अबोला झाला. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच. नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारे बदल परस्पर करता येत नाहीत. पण कायदा नसता तरी माझं मत तेच राहिलं असतं. लावलेला आकडा काढता येतो, कापलेली चौकट पूर्वीची होत नाही. ज्याला हौस असेल त्याने भंगारातून सांगाडा आणावा आणि खुशाल करवत चालवावी. घरातली धडकी म्हातारी कशाला हवी?

दुसरे सल्लागार आमचे एक स्नेही. हे कापणाऱ्यांचे कट्टर शत्रू, म्हणून मी त्यांच्या आश्रयाला गेलो. त्यांच्याकडे मूळ माहितीपुस्तिकेच्या झेरॉक्स आहेत. लाल रंगाच्या कुठल्या छटेत किती काळं असावं ह्यावर ते रात्री अकरापर्यंत बोलू शकतात. बोल्टचं डोकं कारखान्यातलं नसेल तर त्यांना अन्न गोड लागत नाही. त्यांची स्वतःची गाडी इतकी अस्सल आहे, की ती प्रदर्शनाला टेंपोतून जाते.

त्यांनी आमच्या गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि निकाल दिला. कॅरिअर, कारखान्याचं नव्हे. काढा. आकडा, काढा. जाळी, छे छे, काढा आधी. खळगा भरा. आणि मी, पन्नाशी उलटलेला, दोन पेन्शनींचे अर्ज स्वतः भरलेला माणूस, मान डोलवत गेलो. भागांवर जुना क्रोम उतरवून तांबं, निकेल, क्रोम असे थर चढले. टाकीला पुट्टी भरली, रंगाचे हात बसले, त्यावर एका म्हाताऱ्या कारागिराने श्वास रोखून सोनेरी रेघ ओढली. जाळी आणि कॅरिअर भंगारवाल्याने किलोवर नेले. २०२२ च्या दसऱ्याला गाडी अंगणात उभी राहिली तेव्हा तिच्यात माझा चेहरा दिसत होता. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

आई तेव्हा ब्याऐंशीची. काठी टेकत बाहेर आली, हार घातलेल्या गाडीकडे पाहिलं आणि म्हणाली, ''छान आहे. कोणाची रे?''

मी म्हटलं, ''आई, आपलीच. अण्णांची.''

ती जवळ गेली. टाकीवरून हात फिरवला. पुन्हा फिरवला. अंधारात देव्हाऱ्यातली काडेपेटी शोधावी तसा तो हात काहीतरी शोधत होता. मग तिने डाव्या चाकाकडे पाहिलं. ''माझी जाळी?''

''ती ओरिजिनल नव्हती, आई.''

''मग मी बसायची कुठे?'' असं म्हणून ती आत गेली. स्नेही पुस्तिका चाळत होते. त्या पुस्तिकेत आईचं पान नव्हतं.

तर माझी फिर्याद ती ही. कापणारे आणि चमकवणारे एकमेकांना शिव्या देतात, पण दोघांचं काम एकच. दोघांनाही गाडीवरची माणसं खाली उतरवायची असतात. एक मागचं सीट कापतो, दुसरा जाळी काढतो. एकाला गाडी उद्याची हवी, दुसऱ्याला कारखान्याच्या दारातून बाहेर पडण्याच्या क्षणाची. मधली पन्नास वर्षं, म्हणजे गाडीचं खरं आयुष्य, कोणालाच नको. अण्णांनीही बदल केले होते की! पण त्यांचा प्रत्येक बदल कोणासाठी तरी होता. कॅरिअर शाळांसाठी, जाळी आईसाठी, सतरंजी माझ्यासाठी. गाडीत बदल जरूर करावा, पण त्याने एक माणूस जास्त बसावा, कमी नव्हे.

सरकारचा कलही चमकवणाऱ्यांकडेच दिसतो. केंद्राने २०२१ साली नियम केले, की पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली आणि मूळ स्वरूपातली गाडी 'विंटेज' म्हणून नोंदवता येते. नवी नोंदणी असेल तर व्ही. ए. अक्षरांचा क्रमांक आणि २०,००० रुपये फी. आणि एकदा हा मान मिळाला, की ती नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, दुरुस्ती आणि पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच चालवायची. म्हणजे पेट्रोल भरायला जाता येतं, ते जाळत मंडईत जाता येत नाही. आपल्याकडे माणसाचा सत्कार झाला की त्याला काम देणं बंद करतात, त्यातलाच प्रकार. स्नेह्यांनी ह्या मानाचा फार आग्रह केला. मी हात जोडले. आमची गाडी साध्या नोंदणीवर आहे, मुदत संपली की तपासणीच्या रांगेत उभी राहते आणि धूर काढून अधिकाऱ्यांना आपली ओळख देते.

पापक्षालन मी यथाशक्ती केलं आहे. जुन्या फोटोवरून लोहाराकडून तशीच जाळी करून घेतली. चिरंजीवांनी कॅरिअर स्वतः वेल्डिंग करून दिलं. करवतीची हौस तिथे भागली आणि वेल्ड चांगलं आहे, हे मान्य केलं पाहिजे. जाळी बसली त्या संध्याकाळी आई डावीकडून आडवी बसली, मी पहिल्या गिअरमध्ये गाडी कोपऱ्यावरच्या मारुतीपर्यंत नेली आणि परत आणली. स्नेही गॅलरीतून पाहत होते. त्यांनी आत जाऊन खिडकी लावली.

आता तुमच्याही पडवीत, जिन्याखाली कोणाची तरी जावा, राजदूत, बुलेट गोणपाटाखाली उभी असेल. तिला हात लावण्यापूर्वी पुस्तिका उघडू नका, करवत आणू नका. आधी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला खुर्ची द्या आणि कोणती खूण कशाची ते विचारून घ्या. मग तुटलंय ते बदला आणि मळलंय ते पुसा. ह्याला मराठीत डागडुजी असा साधा शब्द आहे. त्यात हारतुरे नाहीत, पण गाडी चालते.

खळगा मात्र गेला तो गेला. चिरंजीव म्हणाले, ''बाबा, हातोडीने पाडून देऊ का?'' मी नको म्हटलं. तो खळगा हातोडीने होत नाही, त्याला म्हैसच लागते. तोवर गाडी चालवत राहणं एवढंच माझ्या हातात आहे. साताऱ्याच्या जुन्या रस्त्याला महिन्यातून एक फेरी असते.