सिकलसेलचं पिवळं कार्ड: ते काय सांगतं, काय सांगत नाही?

१ जुलै २०२३ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन मोहीम सुरू केली. २०४७ पर्यंत हा आजार संपवायचा आणि त्यासाठी ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांचं रक्त तपासायचं, असं ठरलं. विदर्भाला यातलं बरंच काही आधीच माहीत होतं. राज्याचा सिकलसेल कार्यक्रम २००८-०९ पासून सुरू आहे. अमरावती जिल्ह्यात तपासणी झालेल्या घरात आधार आणि रेशनकार्डाच्या पिशवीत सिकलसेलचं कार्डही सापडतं. पांढरं म्हणजे दोष नाही, पिवळं म्हणजे वाहक, लाल म्हणजे रुग्ण.

लाल कार्डाचा अर्थ लोकांना लवकर कळतो, कारण घरात त्रास दिसत असतो. घोळ होतो तो पिवळ्या कार्डाचा.

एका जागी झालेला बदल

आपल्या लाल पेशींमधलं हिमोग्लोबिन हे प्रथिन ऑक्सिजन वाहून नेतं. त्यातल्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं एकामागोमाग गुंफलेली असतात. सिकलसेलमध्ये फक्त सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. बाकी १४५ जागा जशाच्या तशा. पण या एका बदलामुळे ऑक्सिजन सोडल्यावर हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून ताठ धागे बनतात आणि गोल, लवचिक पेशी विळ्यासारखी वाकडी होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि मग हाडं, सांधे, छाती, पोट असह्य दुखतं. शिवाय साधी लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही १० ते २० दिवसांतच फुटते. म्हणून अंगात रक्त कमी.

हा बदल आई आणि वडील, दोघांकडूनही आला तर आजार होतो. एकाकडूनच आला तर माणूस वाहक. वाहकाच्या शरीरात चांगलं हिमोग्लोबिन पुरेसं असतं. तो शेतात राबतो, पोलीस भरतीसाठी धावतो, त्याला औषध लागत नाही. उलट मलेरियाच्या गंभीर आजारापासून त्याला काहीसं संरक्षण मिळतं. जिथे पिढ्यानपिढ्या मलेरिया होता तिथेच हा बदल टिकून राहिला, तो यामुळेच.

मग लग्न का मोडतं?

कारण कार्ड एकाचं पाहिलं जातं, आणि बहुतेक वेळा मुलीचं. खरं तर एकट्या कार्डावरून होणाऱ्या बाळाबद्दल काहीच ठरत नाही. एक जोडीदार वाहक आणि दुसऱ्यात कसलाच दोष नसेल, तर त्यांच्या एकाही मुलाला सिकलसेलचा आजार होत नाही. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात आजाराची शक्यता २५ टक्के. 'प्रत्येक' हा शब्द इथे महत्त्वाचा. पहिलं मूल आजारी निघालं म्हणून पुढची तीन सुटली, असा हिशेब नसतो.

म्हणजे सोयरीक जुळवताना विचारायचं असेल तर दोन्ही घरांत विचारायला हवं. आणि दोघंही वाहक असले तरी दार बंद होत नाही. गर्भारपणाच्या दहाव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमारास गर्भाची तपासणी करता येते. फक्त ही सोय तालुक्याच्या गावी मिळत नाही.

आणखी एक मेख आहे, ती कार्ड वाटताना क्वचितच सांगितली जाते. गावात शिबिरात होते ती सोल्युबिलिटी चाचणी. ती पॉझिटिव्ह आली तर वाहक की रुग्ण, हे तिच्यावरून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करावी लागते. या दोन अहवालांच्या मधल्या दिवसांत गावात बातमी मात्र पसरलेली असते. सहा महिन्यांखालच्या बाळासाठी सोल्युबिलिटी भरवशाची नाही. आणि ती निगेटिव्ह आली तरी थॅलेसेमियाचा वाहक तिच्यात सापडत नाही. सिकलसेलचा एक जनुक आणि थॅलेसेमियाचा एक, असे दोन्ही बाळाकडे आले तरी आजार होतो. त्यामुळे एक जोडीदार वाहक असेल तर दुसऱ्याची एचपीएलसी करून घेणं शहाणपणाचं.

हा फक्त आदिवासींचा आजार आहे का?

केंद्राची मोहीम आदिवासी भाग डोळ्यासमोर ठेवून आखली आहे, आणि मेळघाटचा विचार केला तर ते बरोबरच आहे. धारणी आणि चिखलदरा तालुक्यांतल्या कोरकू, गोंड कुटुंबांपर्यंत तपासणी पोहोचायलाच हवी. पण वऱ्हाडात चित्र एवढ्यावर संपत नाही. विदर्भात सिकलसेल आदिवासींइतकाच अनुसूचित जातींमध्ये आढळतो, काही ओबीसी समाजांतही आढळतो. २०११ च्या जनगणनेनुसार अकोला जिल्ह्यात अनुसूचित जमातींची लोकसंख्या साडेपाच टक्क्यांच्या आसपास आहे, तर अनुसूचित जातींची सुमारे २० टक्के. नकाशा फक्त आदिवासी तालुक्यांचा काढला तर अकोट-तेल्हाऱ्याची सातपुड्यालगतची गावं त्यात येतील, अकोला शहरातली वस्ती मात्र सुटेल. माझ्या मते या मोहिमेतली ही सगळ्यात मोठी फट आहे. रक्तातला बदल जातीचा दाखला बघून येत नाही.

ज्यांना आजार आहे त्यांचं काय?

'निर्मूलन' या शब्दात पुढे जन्मणाऱ्यांचा विचार जास्त आहे. आज लाल कार्ड असलेल्या मुलाला हवी ती रोजची गोळी. हायड्रॉक्सीयुरियामुळे गर्भात असतानाचं हिमोग्लोबिन पुन्हा वाढतं, धागे कमी बनतात, दुखण्याचे झटके आणि रक्त देण्याची वेळ कमी येते. हे औषध महाग नाही. पण ते रोज घ्यावं लागतं आणि ठरावीक काळाने रक्त तपासून मात्रा बघावी लागते. सोबत लसीकरण आणि भरपूर पाणी. अकोल्याचा पारा मे महिन्यात ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा उन्हात काम करणाऱ्या रुग्णाच्या शरीरातलं पाणी कमी झालं की झटका येऊ शकतो. चिखलदऱ्याच्या थंडीतही तेच.

कायद्यात जागा आहे, पण अर्धी. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये सिकलसेलचा समावेश झाला, प्रमाणपत्र मिळू शकतं. सरकारी नोकरीतल्या ४ टक्के आरक्षणाच्या यादीत मात्र रक्ताचे आजार नाहीत.

जनुक दुरुस्त करणारे उपचारही आले आहेत. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेने 'कॅसजेवी'ला मान्यता दिली. अमेरिकेत तिची किंमत २२ लाख डॉलर. भारतात सीएसआयआरच्या दिल्लीतल्या आयजीआयबी संस्थेने 'बिरसा १०१' ही थेरपी विकसित केली आणि तिचं तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटला दिलं. आशा ठेवायला जागा आहे. पण आजचा प्रश्न साधा आहे. धारणीहून अमरावती सुमारे दीडशे किलोमीटर, घाटाचा रस्ता. महिन्याच्या गोळ्या आणि रक्ततपासणी धारणीतच मिळाली नाही, तर मजुरीचा दिवस बुडवून इर्विनला येणं किती कुटुंबांना दर महिन्याला परवडेल?