आधी गेज लावा, मग पावती फाडा

सेल्फ दणक्यात फिरतोय, पण इंजिन पेट घेत नाही. गाडी टोचन लावून वर्कशॉपमध्ये जाते आणि दुसऱ्या दिवशी फोन येतो, 'पंप गेलाय.' या दोन शब्दांवर हजारो रुपयांचं बिल निघतं. पंप गेला हे कशावरून ठरवलं, असं विचारलं तर समोरचा माणूस दुखावल्यासारखा गप्प होतो. त्याच्याकडे उत्तर नसतं, कारण त्यानं काही मोजलेलंच नसतं. न मोजता पार्ट बदलणं म्हणजे गिऱ्हाइकाच्या पैशानं केलेली अटकळ, आणि अटकळीचे पैसे घेणं याला मी सरळ लबाडी म्हणतो.

मी आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा ट्रेड शिकवतो. दोन वर्षांत मुलांच्या डोक्यात एवढंच पक्कं बसावं अशी माझी धडपड असते की, बिघाड शोधायचा तो क्रमानं. प्लग काढून पाहा. पेट्रोलनं ओला असेल तर पेट्रोल पोचतंय, ठिणगीकडे वळा. भरपूर सेल्फ मारूनही कोरडा असेल तर पेट्रोलच्या वाटेनं मागे मागे जा. चावी ऑन करा आणि मागच्या सीटजवळ कान लावा. टाकीतला पंप साधारण दोन सेकंद गुणगुणतो आणि थांबतो. तो आवाज आला नाही, तर आधी फ्यूज, मग रिले, मग वायरिंग आणि अर्थिंग. पंपाचा नंबर त्यानंतर.

आवाज आला आणि तरी गाडी सुरू होत नाही, इथे खरं कसब लागतं आणि इथेच सगळ्यात जास्त पैसे लुटले जातात. पहिली दोन सेकंदं झाली की ईसीयू, म्हणजे इंजिनचा कंप्युटर, पंपाचा करंट तोडतो आणि इंजिन फिरतंय की नाही याची वाट बघतो. ते त्याला क्रँक सेन्सर सांगतो. सेन्सर मेला किंवा त्याचा कनेक्टर सैल झाला, तर ईसीयूच्या लेखी इंजिन थांबलेलंच असतं. मग तो पंपही चालवत नाही आणि ठिणगीही देत नाही. पंप ठणठणीत असतो आणि दोष मात्र त्याच्या माथी मारला जातो.

आमच्या इमारतीतल्या एका निवृत्त शिक्षिकेच्या गाडीचं नेमकं हेच झालं. नवा पंप बसला, गाडी हलवताना-जोडताना कनेक्टर थोडा जागेवर बसला असावा, म्हणून सुरूही झाली. थोड्याच दिवसांत भर सिग्नलला पुन्हा बंद. बाईंनी पैसे परत मागितले तर उत्तर मिळालं, 'इलेक्ट्रिकल पार्ट परत घेत नाही.' जुना पंप मागितला तर तो भंगारात गेलेला. पेन्शनीतून भरलेले पैसे गेले ते गेलेच. या प्रकाराला 'होतं असं कधी कधी' म्हणणाऱ्यांची मला चीड येते.

वर्कशॉपवाल्यांची ढाल म्हणजे स्कॅनर. 'स्कॅनर लावला, काही कोड नाही, म्हणजे पंपच.' हा तर्क मुळातच खोटा आहे. आपल्याकडच्या कितीतरी साध्या पेट्रोल गाड्यांच्या फ्युएल रेलवर प्रेशर सेन्सरच नसतो. जे मोजायची सोयच नाही त्याचा कोड स्कॅनर आणणार कुठून? त्यासाठी प्रेशर गेज लागतो. बहुतेक एमपीएफआय गाड्यांत तीन ते चार बारच्या आसपास प्रेशर असतं, नेमका आकडा त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये छापलेला असतो. आकडा बरोबर आला तर पंप निर्दोष. कमी आला तरीही लगेच पंपावर जाऊ नका. फिल्टर तुंबलेला असू शकतो, टाकीतली जाळी गाळानं भरलेली असू शकते. पंपाच्या कनेक्टरवर बारा व्होल्टऐवजी नऊच पोचत असतील तर नवा पंपही तसाच रडेल. आणि हे व्होल्टेज पंप जोडलेला असताना मोजायचं. कनेक्टर काढून मोजलं की जळकी पिनसुद्धा पूर्ण बारा दाखवते. प्रेशर येतं पण चावी बंद करताच झरझर उतरतं, तर पंपातला व्हॉल्व्ह किंवा गळका इंजेक्टर. सकाळी दोन-तीनदा चावी ऑन-ऑफ केल्यावरच सुरू होणारी गाडी बहुधा हेच सांगत असते.

गेज न वापरणारे काही जुने हात पाइप काढून सेल्फ मारतात आणि पेट्रोल उडतंय का ते बघतात. 1983 साली आलेल्या मारुती 800 च्या कार्बोरेटरवर हे खपून गेलं, कारण इंजिनवरच्या त्या मेकॅनिकल पंपाचं प्रेशर नगण्य होतं. आज तीन बारनं उडणारा पेट्रोलचा फवारा गरम इंजिनवर पडला तर गाडी आणि माणूस दोन्ही पेटतील. हे करणाऱ्या माणसाला मी वर्गात पाय ठेवू देणार नाही.

आता नवी पळवाट सापडली आहे, इथेनॉल. वीस टक्के मिश्रणाबद्दलच्या तक्रारी खोट्या नाहीत. इथेनॉल पाणी ओढतं, पाणी जास्त झालं की ते दोन्ही पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसतात, आणि पंपाची जाळी तळाशीच असते. जुन्या गाड्यांचं रबर त्यासाठी बनलेलं नव्हतं, आणि त्या गाडीवाल्यांपुढे बहुतेक ठिकाणी दुसरा पर्याय ठेवलेला नाही, याचा जाब सरकारला विचारलाच पाहिजे. पण म्हणूनच टाकीतलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून स्थिर ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर बोला. बाटली न भरता इथेनॉलचं नाव घेणं म्हणजे खऱ्या तक्रारीचीही किंमत घालवणं.

मालकांनाही मी सोडणार नाही. महिनोन्‌महिने रिझर्व्हच्या दिव्यावर गाडी पळवायची, ही काटकसर कसली? टाकीतला पंप पेट्रोलनंच थंड राहतो. पाव टाकी कायम ठेवली तर त्याचं आयुष्य वाढतं.

माझा एक विद्यार्थी मोठ्या वर्कशॉपमध्ये लागला. गेज लावून प्रेशर तपासत बसला म्हणून सुपरवायझरनं त्याला सगळ्यांसमोर झापलं, कारण तेवढ्या वेळात दुसरी गाडी बाहेर पडली असती. अर्ध्या तासाच्या मजुरीपेक्षा पंपावरचा नफा मोठा, हे त्या पोराला पहिल्याच महिन्यात शिकवलं गेलं.

म्हणून जॉब कार्डवर दोन आकडे लिहून मागा: रेलवरचं प्रेशर आणि पंपाच्या कनेक्टरवरचं व्होल्टेज. ते आकडे येईपर्यंत पंप बदलायला होकार देऊ नका. जुना पार्ट हातात घेतल्याशिवाय बिल भरू नका. टाळाटाळ झाली तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. सेवेतली त्रुटी 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात येते, आणि आकडे नसलेलं ते जॉब कार्डच तुमचा पहिला पुरावा आहे.