पोपटीचं मडकं शेंगांचंच हवं

पोपटीचं मडकं उपडं घालतात, त्याला कारण आहे. या मडक्यात पाण्याचा थेंब पडत नाही, तेलाचं बोटही लागत नाही. शिजवण्याचं सगळं काम आत भरलेल्या वालाच्या शेंगांच्या आणि पाल्याच्या अंगच्या ओलाव्याने करायचं असतं. बाहेरून जाळ लागला की त्या ओलाव्याची वाफ होते, वर चढते, आणि मडक्याचं बूड वर असल्यामुळे तिथेच कोंडून राहते. तोंड जमिनीला टेकलेलं आणि पाल्याने गच्च बुजवलेलं. वाफेला पळायला वाट नाही. अर्ध्या-पाऊण तासात शेंग अन् शेंग मऊ होते, तिला पाल्याचा वास लागतो, आणि कडेला टेकलेल्या शेंगांवर भाजल्याचे काळपट डाग उमटतात.

पनवेल, पेण, अलिबाग, कर्जत, रोहा या पट्ट्यात डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत संध्याकाळी शेतांमधून असे जाळ दिसतात. उघड्यावर असं अन्न भाजून खाण्याची ओढ जगभर आहे. पेरूमध्ये पाचामांका आहे, न्यूझीलंडच्या माओरींची हांगी आहे. अगदी शेजारी, मुंबई-अहमदाबाद महामार्गावर वलसाडच्या आसपास उंबाडियूच्या टपऱ्या लागतात. तिथेही मडकं उपडंच घालतात, आत पापडी, रताळी आणि कंद. देशावर ज्वारीचा हुरडा आहे. रायगडकडे पोपटी आहे, आणि ती या सगळ्यांच्या पंक्तीत मानाने बसण्याजोगी आहे.

पोपटी लावायची म्हणजे आधी पाला हवा. भांबुर्डा बांधावर, पडीक रानात, रस्त्याच्या कडेला आपोआप उगवतो. कुणी त्याला भामरुड म्हणतं. पान चुरगळलं की कापराच्या अंगाने जाणारा उग्र वास हाताला लागतो, तो हात धुतला तरी लवकर जात नाही. हा पाला मडक्याच्या बुडाशी आणि आतून चहूबाजूंनी दाबून बसवायचा. मग वालाच्या शेंगा, त्यावर जाडं मीठ आणि तळहातावर चोळलेला ओवा. मधे रताळी, लहान बटाटे, कोनफळाच्या फोडी, चिरा दिलेली वांगी, एखादा अख्खा कांदा. पुन्हा शेंगा, पुन्हा मीठ. शेवटी तोंडाशी पाला असा ठासायचा की मडकं उलटं केलं तरी आत काही हलू नये. भोवती पेंढा, गोवऱ्या, काटक्या रचून जाळ करायचा. पोपटी झाली का, हे बघायला जाणती माणसं मडक्याच्या बुडावर पाण्याचे थेंब शिंपडतात. चर्र आवाज होऊन पाणी जागीच उडालं की जाळ बाजूला सारतात, मडकं ओल्या गोणपाटात धरतात आणि केळीच्या पानांवर रितं करतात.

शेंग निवडण्याला फार महत्त्व आहे. दाणा टचटचीत भरलेला, पण साल अजून हिरवी, अशी शेंग लागते. कोवळी चपटी शेंग जाळात आक्रसून जाते, फार जून झालेली चिवट राहते. अळीने भोक पाडलेली आधीच बाजूला काढावी. वालाचा दाणा कच्चा खाऊ नये, तो पुरता शिजलेलाच पोटाला मानवतो. म्हणून घाई करून अर्धवट पोपटी उतरवणं बरं नाही.

आणि इथेच आजच्या पोपटीचं दुखणं आहे. फार्महाउसच्या जाहिरातींत अलीकडे शेंगेचा उल्लेख शेवटी येतो, कधी येतही नाही. चिकन पोपटी, हवी तेवढी पोपटी, मुक्कामासह पोपटी. मडक्यात कोंबडी किंवा अंडी घालण्यात गैर काही नाही. आगरी-कोळी घरांत ती मुरलेली रीत आहे. मसाला लावलेली कोंबडी केळीच्या पानात गुंडाळून मधोमध ठेवली की तिचा रस शेंगांत उतरतो, त्याची चव ज्याने घेतली तो विसरत नाही. पण त्या रीतीतही मडकं शेंगांचंच असतं. आता बऱ्याच ठिकाणी मूठभर शेंगा वरवर पसरतात आणि बाकी सगळी कोंबडी. मग हे वर्षाच्या बाराही महिने करता येतं, आणि काही ठिकाणी तसं करतातही. ज्या पदार्थाची सारी गोडी मोसमात आहे, त्याचा मोसमच काढून घेतला तर उरतं काय?

कारण पोपटी मडक्यात सुरू होत नाही, ती शरदात भाताच्या शेतात सुरू होते. दसरा-दिवाळीच्या सुमारास भात कापलं जातं. पावसाळाभर पाणी धरून ठेवलेली खाचराची जमीन तेव्हा आतून ओली असते. त्या ओलीवर वाल पेरतात. त्याला वेगळं पाणी द्यावं लागत नाही. जमिनीतला ओलावा आणि पहाटेचं दव एवढ्यावर वेल तग धरतो. शिवाय वाल हे द्विदल पीक, मुळांवरच्या गाठींतून हवेतला नत्र जमिनीत आणणारं. भाताने दमलेल्या जमिनीला त्यातून विश्रांती आणि खुराक दोन्ही मिळतं. पाणी नाही, खत जवळजवळ नाही, आणि वर घरच्याला वर्षभराचं बिरडं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने वालाची सुधारित वाणंही दिली आहेत. इतकं शहाणं पीक सोडून द्यायचं कारण शेतीत सापडत नाही.

कारण जमिनीत आहे. १९७० मध्ये सिडको या शहर वसवणाऱ्या महामंडळाची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या गावांची भातखाचरं नव्या शहरासाठी घेतली गेली. २०१३ मध्ये नियोजित विमानतळाभोवतीच्या गावांसाठी ‘नैना’ हे नियोजन क्षेत्र जाहीर झालं. २०१६ मध्ये पनवेल महानगरपालिका झाली, रायगड जिल्ह्यातली पहिली. १,१६० हेक्टरांवरच्या नवी मुंबई विमानतळाचं ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालं. शहर वाढणार, लोकांना घरं आणि कामं लागणार, हे मान्यच आहे. पण जी खाचरं अजून शाबूत आहेत, त्यांतलीही पुष्कळशी भातानंतर रिकामी पडून असतात. जमीन उद्या जाणार म्हटल्यावर वाल पेरायला हात धजत नाही. कुणी पेरलाच, तर मोकाट गुरं आणि भरावाचे डंपर त्याला टिकू देत नाहीत. बांध गेला की भांबुर्डाही जातो, आणि तो कुठल्या रोपवाटिकेत मिळत नाही.

अलिबागच्या पांढऱ्या कांद्याचं उदाहरण समोर आहे. २०२२ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं, गिऱ्हाईक नाव घेऊन माळ मागू लागलं. तेच रायगडच्या वालाला करता येण्याजोगं आहे. पोपटीवर पैसे मिळवणाऱ्या प्रत्येक फार्महाउसने शेंगा कुठल्या गावच्या, हे पाटीवर लिहावं. हंगाम सुरू होण्याआधी शेजारच्या शेतकऱ्याशी भाव ठरवून टाकावा, म्हणजे तो दिवाळीत बिनघोर वाल पेरेल. ग्राहकानेही जून-जुलैत पोपटी मागू नये. मागितली नाही तर कुणी विकणार नाही.

खारघर-कामोठ्याच्या इमारतीत राहणाऱ्याला शेत नाही, जाळ करायला अंगण नाही. त्याने म्हणून हिरमुसायचं कारण नाही. जाड बुडाच्या पातेल्यात खाली केळीचं पान, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या शेंगा, रताळी, बटाटे, वर पुन्हा पान, आणि झाकणाची फट कणकेने बंद. मंद आचेवर पाऊण तास. ओव्हन असेल तर झाकणाच्या भांड्यात २०० अंशांवर तेवढाच वेळ ठेवावं, शेवटची दहा मिनिटं झाकण काढून. जाळाचा वास येणार नाही, हे खरं. पण शेंगेची गोडी पुरेपूर येते, आणि भाकरी-आमटीच्या ताटात हे तोंडीलावणं शोभून दिसतं. भोगीच्या भाजीला जो वाल, हरभरा, गाजर आणतो, त्याच पिशवीत पाव किलो शेंगा जास्त आणाव्यात. त्या शक्यतो बाजाराच्या तोंडाशी पाटी घेऊन बसलेल्या आगरी, ठाकूर, कातकरी बायकांकडून घ्याव्यात आणि घासाघीस न करता घ्याव्यात. शेंगा पहाटे तोडून, निवडून, डोक्यावरून आणलेल्या असतात.

उघड्यावर पोपटी लावणाऱ्यांनाही सांगणं आहे. कर्नाळ्याच्या अभयारण्यात किंवा कुठल्याही जंगलाच्या कडेला जाळ करू नये. जानेवारीत गवत वाळलेलं असतं आणि ठिणगीला वारा पुरतो. कापलेल्या शेतात, मालकाला विचारून, पाण्याची घागर जवळ ठेवून पोपटी लावावी. निखारे विझवूनच उठावं. भांबुर्डा मुळासकट उपटू नये, वरचा पाला खुडावा, म्हणजे बी धरून तो पुढच्या पावसानंतर पुन्हा येतो.

१० फेब्रुवारीला संयुक्त राष्ट्रांचा जागतिक कडधान्य दिन असतो, पोपटीच्या ऐन मोसमात. त्या आठवड्यात पनवेल महापालिकेने आणि कृषी विभागाने मिळून शहरात वालाचा बाजार भरवावा: तालुक्यातल्या शेतकऱ्यांना फुकट गाळे, ओल्या शेंगा, सुके वाल, पेरणीचं बी आणि कुंभारांची मडकी. शहरात जागा आहे, गिऱ्हाईक आहे, खर्चही फार नाही. पुढच्या दिवाळीआधी शेतकऱ्याला या बाजाराची तारीख कळली, तर तो वाल पेरायला धजेल.