समतोलाचा तराजू

हिंदू धर्म सोडून ख्रिस्ती झालेल्यांनी नवी श्रद्धा आणि जुनी संस्कृती यांचा समतोल कसा साधला, हा प्रश्न आपल्याकडे मोठ्या सहानुभूतीने विचारला जातो. मला तो प्रश्नच मान्य नाही. समतोल म्हटला की तराजू आला, तो धरणारा हातही आला. आणि हा हात धर्मांतरिताचा स्वतःचा क्वचितच असतो.

पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरही त्या शाकाहारीच राहिल्या, आणि क्रूसावर लॅटिनऐवजी संस्कृत अक्षरे असावीत असे त्यांनी सुचविले. तेथील सिस्टर जेराल्डिन यांना त्यांच्या खाण्यापिण्याच्या आग्रहात जातीचा जुना अभिमान दिसला. रमाबाईंचा प्रतिप्रश्न चोख होता: हिंदूंमध्ये येऊन राहिलेल्या इंग्रज स्त्रीने आपल्या निरुपद्रवी चालीरीती सोडल्या नाहीत, म्हणून तिला कोणी गर्विष्ठ म्हटलेले रुचेल काय?

इकडे पुण्यात, १८९३ मध्ये, शारदा सदनातील मुली ख्रिस्ती प्रार्थनेकडे वळत आहेत म्हणून ‘केसरी’ने टीकेची झोड उठविली, रानडे-भांडारकरांसारख्या हितचिंतकांनीही सल्लागारपद सोडले. आक्षेप सर्वस्वी निराधार होता असे मी म्हणणार नाही. धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याचे आश्वासन संस्थेने दिले होतेच. परंतु वाँटेजला जी बाई फार हिंदू ठरली, तीच पुण्यात पुरेशी हिंदू उरली नाही.

शिवाय, ही ‘स्थानिक संस्कृती’ नेमकी कोणाची? रमाबाईंचा शाकाहार ब्राह्मण घरातून आलेला. अहमदनगर परिसरात अमेरिकन मिशनकडे आलेल्यांत महार-मांगांचा भरणा मोठा होता. गावाने त्यांच्या वाट्याला ठेवलेली संस्कृती म्हणजे मेलेली गुरे ओढणे आणि पाणवठ्यापासून दूर उभे राहणे. ती त्यांनी जपावी, असे कोणत्या तोंडाने सांगायचे? त्यांनी आपली बोली सोबत नेली, कीर्तन नेले, बाकीचे टाकले. योग्यच केले.

पुढे केडगावी रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून सबंध बायबल मराठीत आणले. क्रूसावर संस्कृत मागणाऱ्या याच बाईंनी येथे संस्कृतप्रचुर शब्द कटाक्षाने टाळले. अल्पशिक्षित बायकांना कळावे म्हणून, आणि शब्दांबरोबर हिंदू तत्त्वज्ञानाचे अर्थ आत येऊ नयेत म्हणूनही. आता हे दोन निर्णय कोणत्या पारड्यात घालणार? एका लेखिकेने दोन प्रसंगी भाषेविषयी केलेला तो स्वतंत्र विचार आहे. १९२२ मध्ये त्या वारल्या. बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. मराठी गद्य शिकविताना ते पुस्तक वर्गात उघडलेले मी अजून पाहिलेले नाही. ग्रंथालयात ते धर्मग्रंथांच्या फळीवर असते.